पासिंगची चाकं

"ह्या चाकांवर गाडी घाट उतरंल का?" त्यानं विचारलं.

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "पाव्हणं, ह्या चाकांवर गाडी पास होते," म्हणालो. "घाटाचं तुमचं तुम्ही बघा."

"तसं न्हाई मालक. घाटाला टिकलं तरच चाक चांगलं म्हणायचं, न्हवं?"

मी चहाचा कप खाली ठेवला. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक असलं निघालं की दिवस वाया जातो.

माझा धंदा काय होता ते आधी सांगतो. जिल्ह्याच्या गावाबाहेर एक माळ होता. भाड्यानं धावणाऱ्या जुन्या गाड्यांची तिथं दर वर्षी तपासणी व्हायची. सरकारी कागदावर तिला काहीतरी लांबलचक नाव होतं, आम्ही पासिंग म्हणायचो. आता तिथं यंत्रं बसलीत म्हणे. तेव्हा एक कडुनिंब, एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि खुर्चीत सबनीस साहेब, एवढंच यंत्र होतं. फाटकाला लागून माझी पत्र्याची टपरी. टपरीत चांगल्या टायरांची चार चाकं, आग विझवायचं लाल नळकांडं, औषधांची पांढरी पेटी, दोन वायपर आणि एक भोंगा. गाडीवाला यायचा, स्वतःची गुळगुळीत चाकं उतरवायचा, माझी चढवायचा, नळकांडं सीटखाली सरकवायचा आणि आत जायचा. अर्ध्या तासात पास होऊन बाहेर. मग माझं सामान मला परत आणि त्याची टकली चाकं पुन्हा गाडीला. तारण म्हणून मी त्याचं लायसन्स ठेवून घ्यायचो. एका सेटवर दिवसाला दहा गाड्या निघायच्या. ती चाकं सहा वर्षं फाटकापासून साहेबांच्या खुर्चीपर्यंत जात आणि परत येत. डांबरी रस्ता त्यांनी पाहिलेला नव्हता.

माझ्या सामानावर आत गेलेली गाडी कधी नापास झाली नाही. पंधरा वर्षांची, चार हात फिरलेली, काळा धूर ओकणारी डिझेल गाडी असली तरी दर वर्षी पहिल्या फेरीत पास. धुराचा दाखला तर गाडी न आणताच मिळायचा, नंबर सांगितला की पुरे. आणि हेच लोक पुढं ती गाडी विकताना मागच्या वर्षांचे सगळे कागद घेणाऱ्यासमोर पसरायचे आणि म्हणायचे, बघा, एकदा नापास नाही. घेणारा मान डोलावायचा. मला दोघांचीही किळस यायची. विकणारा लबाड आणि घेणारा बावळट, एवढाच फरक. सबनीस साहेबांचं तर बोलायलाच नको. टायर माझे आहेत हे त्यांना ठाऊक होतं. एका टायरवर मी ओळखीसाठी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलेला होता. दिवसातून दहा वेळा तो ठिपका त्यांच्या समोरून जायचा आणि दहाही वेळा ते म्हणायचे, "वा, टायर नवे घातले वाटतं."

मी मात्र सायकलनं यायचो. लोक कंजूष म्हणायचे, म्हणोत. भाचीच्या लग्नाला सगळं वऱ्हाड गाडीतून गेलं तेव्हा मी एसटीनं गेलो आणि पंगती उठल्यावर पोचलो. मला गाडी लागते असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

तर हा माणूस. नाव ईश्वरा मगदूम, गाव कारंडवाडी, कोंडीच्या घाटापलीकडचं. पन्नाशीचा, काटक, डोक्याला टापशी. गाडी लांबड्या पाठीची, पांढरी, डिझेलची, तिसऱ्या हाताची. तो सोमवारी एकदा येऊन गेला होता हे फाटकाशी गाड्यांचे कागद करून देणाऱ्या एजंट लाडनं मला हसत हसत सांगितलं होतं. सोमवारी हा प्राणी स्वतःच्याच चाकांवर आत गेला. वर साहेबांना म्हणाला, "सायेब, टायर संपल्यात, दुकानात सांगितल्यात. आन् ब्रेक बी जरा बघा, मला डावीकडं वढल्यासारकं वाटतंय." त्याला वाटत होतं की तपासणी म्हणजे कुणीतरी गाडी तपासणार. सबनीस साहेबांना तो अपमान वाटला असणार, त्यांनी एका ओळीत नापास करून टाकलं. त्या वर्षात त्या मैदानावर नापास झालेली ती एकच गाडी असेल.

"मग आज आलात शेवटी माझ्याकडे," मी म्हणालो.

"काय करणार. दुकानदार म्हंतोय टायर याला आठ दिस लागतील. आन् पासिंगची मुदत आज संपती." तो गाडीच्या दाराला टेकला. "उद्या शुक्करवार. आमच्याकडची चार मानसं डायलिशिसला घिऊन जातो मी, मंगळवार-शुक्करवार. दवाखान्याच्या ट्रस्टवाल्यांनी सांगितलंय, कागद नसंल तर फेरी बंद. दुसरी गाडी न्हाई आमच्याकडं. एक पाळी चुकली तर मानसं फुगत्यात मालक. दोन चुकल्या तर..."

"मग झालं की. चढवा चाकं, घ्या कागद."

"कागदाचं न्हाई म्हनत मी. ही चाकं आठ दिस मिळतील का? टायर आलं की आणून देतो."

मी मोठ्यानं हसलो. लाडही हसला. "मगदूम, ही चाकं फाटकाबाहेर जात नाहीत. माझ्या दहा गाड्या रोज थांबतात यांच्यावर. लायसन्स द्या आणि पान्हा घ्या."

त्यानं लायसन्स दिलं. चाकं त्यानं एकट्यानंच बदलली, मला हात लावू दिला नाही. प्रत्येक नट आवळून झाल्यावर पुन्हा एकदा आवळून बघत होता. वीस पावलांवरच्या खुर्चीपर्यंत जायला इतकं आवळतात का कुणी? मी त्याची ती चाकं पाहिली. पुढचं डावं तर इतकं झिजलं होतं की आतलं कापड दिसत होतं.

मग मी फाटकाशी उभा राहून गंमत बघितली. सबनीस साहेबांनी ठिपक्याकडे पाहिलं. "वा, टायर नवे घातले वाटतं."

मगदूम म्हणाला, "सायेब, तेवढं ब्रेक बघता का?"

"इथपर्यंत गाडी आणून थांबवलीत ना?"

"थांबवली."

"मग ब्रेक लागतात," साहेब म्हणाले आणि शिक्का मारला.

पास झालेल्या गाड्या पुढच्या फाटकानं बाहेर येत, माझ्या टपरीवरून. मागचं फाटक नापास झालेल्यांसाठी होतं, म्हणजे ते बहुधा बंदच असायचं. मगदूमनं कागद खिशात घातला, गाडी वळवली, मागच्या फाटकापाशी उतरून कडी काढली, गाडी बाहेर नेली, पुन्हा उतरून कडी लावली आणि निघून गेला. कडी लावायला विसरला नाही. मी चहाचा कप हातात धरून बघत राहिलो.

लाडला हसू आवरेना. "घोडके," तो म्हणाला, "तुमची चाकं पहिल्यांदा फिरायला गेली."

माझ्यापाशी उरलं काय, तर चार टकली चाकं आणि एक लायसन्स. त्या दिवशी नऊ गिऱ्हाइकं परत पाठवली. प्रत्येकानं मला शिव्या घातल्या आणि लाडनं प्रत्येकाला कारण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी कारंडवाडीला निघालो. हमालाकडून ती चार चाकं टपावर चढवली. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, "चाकं वर, गाडी कुठं?" मी तोंड फिरवलं. कोंडीचा घाट चढताना खिडकीतून खाली बघितलं नाही. एसटी डेपोची असते, तिच्या चाकांशी माझा संबंध नाही, म्हणून बसवत होतं.

गाडी दूध डेअरीसमोर उभीच होती. माझा पांढरा ठिपका पुढच्या डाव्या चाकावर. ज्या बाजूला त्याची गाडी ओढत होती त्या बाजूला त्यानं मुद्दाम तो टायर लावला होता की काय, कोण जाणे. डेअरीच्या पायरीवर चौघं बसलेले. दोन पुरुष, एक पस्तिशीची बाई मांडीवर डबा घेऊन आणि एक म्हातारी. म्हातारीचे पाय इतके सुजले होते की चपलेच्या पट्ट्या नुसत्या वर टेकवलेल्या. डाव्या हातावरच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, त्यावर तिनं फडकं गुंडाळलं होतं.

"आलासा?" मगदूम म्हणाला. "म्हटलं दुपारच्या गाडीनं येशीला."

"ही चोरी आहे, मगदूम."

"हाय की." तो शांतपणे म्हणाला. "लायसन्स तुमच्यापाशी ठेवलंय, पत्ता हाय त्याच्यावर. पळून जायाचं असतं तर मोठ्या गावाला ग्येलो असतो."

"आणि विनालायसन्स गाडी हाकलीत घाटातून."

"लायसन्स खिशात असल्यानं गाडी थांबत न्हाई मालक. टायर असल्यावर थांबती." त्यानं डिकीतून जॅक काढून माझ्या पायाशी ठेवला. "सायबानं गाडी बघितली ती ह्या चाकांवर. सही केली ती ह्या चाकांवर. आन् ह्यास्नी बसवून न्यायाचं ते दुसऱ्याच चाकांवर, ही कुठली रीत? मला न्हाई जमली. पर चाकं तुमची हाईत. काढा."

मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, मी भांडणात कच्चा नाही. त्यानं उलट चाकाखाली दगड लावून दिले. मी जॅक लावला आणि कामाला लागलो. माझा राग इतका होता की पहिलं चाक मी पाच मिनिटांत बदललं. मगदूम नट गोळा करून माझ्या हातात देत होता. पायरीवरची चौघं बघत होती. कुणाला काही कळत असेल असं मला वाटलं नाही. गावंढळ माणसं, आजारी, यांना टायरमधलं काय कळणार, असं मी मनात म्हणत होतो.

तिसरं चाक झालं तेव्हा म्हातारी बोलली. तिला सगळे हौसाक्का म्हणत होते.

"व्हय रं बाबा, तू जिल्ह्याचाच न्हवं?"

"हो."

"मग आमच्याबरबर चल की. पुढं जागा हाय. ईश्वराच्या शेजारी."

मी नट फिरवत म्हणालो, "नको आक्का. मी एसटीनं जाईन."

"एसटी आता चार वाजता. सा तास बसून काय करशील? आम्ही तर तिकडंच चाललोय."

"मला गाडी लागते."

"एसटीनं आलास न्हवं?"

त्या पस्तिशीच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी पान्हा नटावर ठेवला, तो सटकला, बोटं रस्त्यावर घासली. हौसाक्काच्या मनात काही नव्हतं, शपथेवर सांगतो. ती मला खिजवत नव्हती. वाटेवरच्या माणसाला जागा देत होती.

"चांगली गाडी हाय की," ती म्हणाली. "कालच पास झालीया. का नगं म्हंतोयस?"

मी मगदूमकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो चौथ्या चाकाचे पाच नट मुठीत धरून उकिडवा बसला होता, मी मागीन तेव्हा द्यायला.

का नको? अकरा वर्षांत हजारो गाड्या मी त्या माळावर पास करवल्या आणि त्यातल्या एकीतही मी कधी बसलो नाही. सायकल कंजूषपणाची नव्हती. मला गाडी कधीच लागली नाही, लहानपणी उसाच्या ट्रॉलीत झोपून मी गावोगाव हिंडलोय. भाचीचं वऱ्हाड ज्या गाडीतून गेलं तिला आदल्या आठवड्यात मीच चाकं दिली होती आणि परत घेतली होती. मी एसटीनं गेलो. माझी बायको त्या गाडीत होती, पुढच्या सीटवर. तिला मी गाडीत बस म्हणालो होतो, कारण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. सगळे सुखरूप पोचले. मी पंगती उठल्यावर पोचलो आणि भाचीच्या सासऱ्यांनी वेगळं पान वाढायला लावलं. ते मी जेवलो.

सबनीस साहेब निदान खुर्चीत बसून होते, त्यांना माहीत नाही असं म्हणायला जागा होती. गाडीवाले अडाणी होते. मला सगळं माहीत होतं. आयुष्यभर मी ज्यांना तुच्छ लेखलं त्यातला एकही माझ्याइतक्या खालच्या पायरीचा नव्हता. दया वगैरे मला आली नाही, उगाच चांगलं म्हणवून घेत नाही. मला लाज वाटली. भर सकाळी, डेअरीसमोर, चार आजारी माणसांच्या पुढ्यात.

"द्या इकडे," मी मगदूमला म्हणालो.

त्यानं नट दिले. चौथं चाक अजून माझंच होतं, ते पाचही नट मी त्यालाच परत लावले. पहिल्या चाकापाशी गेलो, जॅक पुन्हा लावला आणि त्याचं टकलं काढून माझं चढवलं. मग दुसरं. मग तिसरं. बोटांतून रक्त येत होतं. मगदूमनं पान्हा मागितला नाही, मला करू दिलं. शेवटी प्रत्येक नट मी दोनदा आवळला. मग खिशातून लायसन्स काढून त्याला दिलं.

"टायर आले की आणून द्या."

"व्हय."

माणसं गाडीत बसली. हौसाक्काला दोघांनी उचलून बसवलं. दार लावायच्या आधी ती म्हणाली, "आता तरी चल."

मी मान हलवली. चाकांची खात्री मला होती, ब्रेकची नव्हती. ब्रेक सबनीस साहेबांनी पास केलेले होते. चार वाजेपर्यंत मी डेअरीच्या पायरीवर बसून राहिलो. कुणीतरी ताक आणून दिलं.

मला उपरती झाली असं वाटत असेल तर तुम्ही मला ओळखलं नाहीत. सोमवारी मी दुसरा सेट आणला, त्यावरही पांढरा ठिपका दिला आणि टपरी उघडली. साहेब म्हणाले, "वा, टायर नवे घातले वाटतं," आणि त्या दिवशी ते खरंच नवे होते. पुढं पाच वर्षं तो धंदा मी केला. फक्त त्या आठवड्यात लाडशी बोललो नाही.

पुढच्या गुरुवारी दुपारी मगदूम आला. गाडीला चार कोरे टायर. मागून त्यानं माझी चाकं उतरवली, एकेक करून टपरीला टेकवून ठेवली. धुतलेली होती. तरी ठिपक्याच्या टायरच्या खाचांत बारीक खडी अडकून राहिली होती, तांबडी, घाटातली. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या चाकांनी चाकाचं काम केलं होतं. मी खिळ्यानं एक खडा काढला आणि हातात धरून बसलो.

"दोन फेऱ्या झाल्या," मगदूम म्हणाला. "हौसाक्का इचारत व्हती, गाडी लागनारा मानूस बरा हाय का म्हनून."

"काय सांगितलंत?"

"बरा हाय म्हटलं. बोटाला लागलंय जरा." तो गाडीत बसला. मग थांबून म्हणाला, "सायकल दिसत न्हाई तुमची."

"पंक्चर आहे."

"बसा मग. घरापतोर सोडतो. वाटंतच हाय."

लाड चहाच्या टपरीवरून बघत होता. मी वाकलो. पुढचं डावं चाक बघितलं, मग उजवं, मग मागं जाऊन दोन्ही. मगदूम वाट बघत होता.

"ब्रेक?" मी विचारलं.

"परवा दिशी उघडून घेतलं. डावीकडलं लायनर बदललं. आता वढत न्हाई."

"कुणी बघितलं?"

"मीच. दुसरं कोन बघतंय?"

मी दार उघडलं. त्या मैदानावर पास झालेल्या गाडीत बसायची माझी ती पहिलीच वेळ.